चार मेंढ्यांचा वापरकर्ता

अंबिका शहरात नेमकं काय शिकते, याविषयी देवगाव रंगारीत तीन मतं होती. पहिलं तिच्या आईचं, सुगंधाबाईचं. पोरगी ब्लाऊजच्या पाठीवरची नक्षी शिकते आणि चार वर्षांनी औरंगपुऱ्यात दुकान टाकणार, असं सुगंधाबाईनं ठरवून टाकलं होतं. त्यामुळं अंबिका सुट्टीला आली की आळीतल्या बाया कापडं घेऊन हजर होत. "पाठीला लटकन टाक अन् बाह्यांला कायतरी नव्या टाईपचं कर," असा हुकूम असे. दुसरं मत पारावरचं: इंजिनियरिंगला नंबर लागला नाही की सरकार पोरांना जे देतं ते डिझाईन. तिसरं मत तिच्या बापाचं, मुंजाबाचं. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडलेला माणूस, त्याला फार बोलायची सवयच नव्हती.

खरं म्हणजे अंबिकालाही ते धड सांगता आलं नसतं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका विद्यापीठाच्या कॉलेजात ती डिझाईनच्या पदवीला होती. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक नावाचासुद्धा फॉन्ट बघतात. पहिल्या वर्षी तिला महिनाभर सरळ रेघ मारायला शिकवलं. दुसऱ्या वर्षी सांगितलं की सरळ रेघ ही मनाची गुलामी असते. तिसऱ्या वर्षी रेघच बंद झाली आणि काचेच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवणं सुरू झालं. पण पोरीचा हात मुळातच चांगला होता. तिनं मेंढीचं नुसतं कान हलवणं काढलं तरी ती मेंढी कोणती ते बापाला कळत असे. तिला ते शिक्षण मनापासून आवडत होतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की ती उगाच सोसत होती.

सोसत होती ती दुसरीच गोष्ट. पहिल्या दिवशी ओळखपरेड झाली. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे वाळूजला कारखानदार, कुणाचे बिल्डर. अंबिकाची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून "लाईव्हस्टॉक" एवढंच बाहेर पडलं. शेजारच्या संस्कृतीनं विचारलं, "म्हणजे डेअरी?" अंबिकानं मान हलवली. ती मान एकदा हलली ती हललीच. वर्गात ती डेअरीवाली अंबिका झाली, आणि शिवम नावाचा पोरगा तर तिला अधूनमधून पनीरचा भाव विचारायचा.

पाचव्या सत्राला मोठा प्रकल्प असतो. तो पार पडला तरच जानेवारीत पुण्याच्या कंपनीत इंटर्नशिप मिळते. अंबिकाची निवड तिथं झालेली होती. प्रकल्पात पास होणं तेवढं राहिलं होतं. विषय दिला मंजुषा मॅडमनी. ग्रामीण भागातला एक वापरकर्ता शोधा, त्याचं आयुष्य आतून समजून घ्या आणि त्याच्यासाठी एक वस्तू घडवा. मॅडमचा दहावा-बारावा शब्द सहानुभूती असे. नियम एकच, पण कडक: वापरकर्ता अनोळखी पाहिजे. नातलग, शेजारी, ओळखीचे चालणार नाहीत. "नातं आलं की नजर गढूळ होते," मॅडम म्हणाल्या. "अनोळखी माणसाबद्दलची सहानुभूती सगळ्यात शुद्ध." नियम मोडला तर प्रकल्प रद्द.

गट पडला तिघांचा: संस्कृती, शिवम आणि अंबिका. संस्कृतीनं गाडीच्या काचेतून एकदा कन्नडकडं जाताना मेंढरं बघितली होती आणि तेव्हापासून तिला मेंढपाळाचं आयुष्य आतून समजून घ्यायचं होतं. अंबिकानं पैठण रस्ता सुचवला, वैजापूर सुचवलं, मेंढपाळ सोडून मधमाशा सुचवल्या. काही चाललं नाही. संस्कृतीच्या घरची गाडी होती, आणि ज्याची गाडी त्याचा रस्ता. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मका-बाजरी निघालेल्या वावरात शेतकरी त्या दिवसांत मेंढरं बसवून घेतात, म्हणजे लेंड्यांचं खत रानाला मिळतं. देवगावच्या फाट्यावर ड्रायव्हरनं पानटपरीवाल्याला विचारलं आणि तो म्हणाला, "मेंढरं ना? मुंजाबाकडं जा. वड्याच्या अंगाला बसलाय."

अंबिकानं ओढणी सोडवून तोंड बांधलं. शहरातल्या पोरी उन्हात स्कूटीवर बसताना बांधतात तसं, फक्त डोळे उघडे. "धुळीची ॲलर्जी आहे," ती म्हणाली. तिघं वावरात उतरले.

मुंजाबा बाभळीखाली काठी आडवी घेऊन बसला होता. त्यानं एकदा तिघांकडं बघितलं. धुक्यात नुसत्या चालीवरून आपली मेंढी ओळखणारा माणूस तो. पोरगी ओळखायला त्याला तोंड कशाला लागतंय? तो अर्धा उठलासुद्धा. मग त्याला ती बांधलेली ओढणी दिसली, त्या ओढणीमागचे डोळे दिसले, आणि तो परत खाली बसला.

"नमस्कार काका," संस्कृती म्हणाली, "आम्ही तुमचं आयुष्य समजून घ्यायला आलोय."

"बसा की," मुंजाबा म्हणाला. "येळ हाय का तेवढा?"

शिवमनं टॅब काढला. प्रश्न सत्तेचाळीस होते. "दिवसभरात तुम्हाला कुठल्या अडचणी येतात?"

"अडचन म्हंजी काम थांबलंय बगा, तुमी आल्यापासून. बाकी काय नाय."

'वापरकर्त्याला वेळेचं व्यवस्थापन जमत नाही,' शिवमनं लिहून घेतलं. पुढचा प्रश्न होता, मेंढ्या किती.

आता इथं थोडं थांबावं लागेल. मुंजाबाच्या घराण्यात कळपाचा आकडा तोंडानं सांगत नाहीत. सांगितला की दृष्ट लागते; लांडगा ऐकतो, रोग ऐकतो. सांजच्याला तो मेंढरं मोजतही नाही. नुसता तोंडं बघतो, आणि कुठलं तोंड कमी आहे ते त्याला कळतं. कुणी विचारलंच तर म्हणायचं, हायेत चार-दोन. ज्याच्याकडं खरोखर चार-दोन असतात तो बिचारा लाजेनं वीस सांगतो. मुंजाबाचा खरा आकडा मला माहीत आहे, पण मीही सांगणार नाही. कळप ओढ्यापलीकडं पाण्यावर उतरला की अलीकडचा काठ धुळीनं दिसेनासा होतो, एवढंच सांगतो. त्या वेळी सुगंधाबाई नेमकी तो सगळा कळप घेऊन पाण्यावर गेली होती.

"हायेत चार-दोन," मुंजाबा म्हणाला.

"काका, चार की दोन? क्लियर सांगा ना."

"धरा चार."

शिवमनं खात्री करायला मान वळवली. बाभळीमागं पायानं अधू झालेल्या मेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. त्या बरोबर चार निघाल्या. "भाई, पक्का है," तो म्हणाला. अंबिकाच्या हातातली लेखणी थांबली. पण ती काय म्हणणार होती? चार नाहीत, हे तुला कसं माहीत, असं विचारलं असतं तर?

"मुलं किती?" संस्कृतीनं विचारलं.

"येक पोरगी हाय. शहरात शिकती."

"अरे वा! काय शिकते?"

मुंजाबानं काठीनं मातीत एक रेघ ओढली. "मला नाय नीट सांगता यायचं. पर लई अवघड हाय म्हन्तेत. मानसाला काय पायजे ते वळखायला शिकवतेत तिथं."

संस्कृतीला ते फार गोड वाटलं. तिनं त्याचा फोटो काढला. मग मुंजाबानं तीन दगडांच्या चुलीवर चहा केला आणि पहिली वाटी ओढणीवालीपुढं धरली. "घ्या म्याडम."

चहा घ्यायचा तर ओढणी सोडायला हवी. अंबिकानं मान हलवून नको म्हटलं. बापाच्या हातची वाटी तिनं जन्मात पहिल्यांदा परत केली, आणि तीही एखाद्या सरकारी बाईसारखी, मान हलवून. त्यानं वाटी शिवमला दिली. परतताना गाडीतही तिनं ओढणी सोडली नाही. ॲलर्जी वाढली असावी असं संस्कृतीला वाटलं आणि तिनं एसी वाढवला.

कॉलेजात काचेच्या भिंतीवर मुंजाबाचं रूपांतर झालं. प्रकल्पात वापरकर्त्याचं खरं नाव लिहीत नाहीत, म्हणून त्याचं नाव पडलं दादाराव. वय बावन्न, चार मेंढ्या. भीती: चौथी मेंढी मरेल. स्वप्न: पाचवी मेंढी. मंजुषा मॅडमनी ते वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. "हे खरं फील्डवर्क," त्या म्हणाल्या. अंबिकानं एकदा प्रयत्न करून बघितला. "मॅडम, खेड्यात चार-दोन म्हणजे चारच असतात असं नाही." मॅडमनी विचारलं, "तुझ्याकडं पुरावा आहे?" संस्कृतीनं तीन माणसांनी डोळ्यांनी मोजलेल्या चार मेंढ्यांचा फोटो दाखवला. पुरावा होता तो सगळा दादारावाच्या बाजूचा.

मग वस्तू ठरली. मेषमित्र. चाकांवरचा घडीचा कोंडवाडा, आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्याला पाण्याची वाटी आणि वर सौर दिवा. त्याची चित्रं काढली अंबिकानं. हात चांगला असल्यामुळं चूकसुद्धा देखणी उतरली. चितेगावच्या एका वर्कशॉपात तो लोखंडात घडवायला दिला तेव्हा म्हाताऱ्या वेल्डरचाचांनी चित्र उलटसुलट करून बघितलं. "चार मेंढी के वास्ते इत्ता लोहा कायकू? खुंटे को बांध दो ना." त्यांचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही, कारण ते वापरकर्ते नव्हते.

डिसेंबरात ज्युरी आली. ज्युरी म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांपुढं तोंडी परीक्षा. आदल्या आठवड्यात मंजुषा मॅडमना कल्पना सुचली: वापरकर्त्यालाच बोलवून घेऊ, त्याच्या तोंडून ऐकू. शिवमनं फोन लावला, आणि दादाराव येतो म्हणाला. अंबिकानं धावत जाऊन जिन्याखालून घरी फोन केला. येऊ नका, असं सांगायचं होतं. फोन सुगंधाबाईनं उचलला. "आबा न्हाईत घरी. गावात गेलेत, सदऱ्याला इस्त्री मारून आनायला. काहून?" अंबिका म्हणाली, काही नाही, असंच.

ज्युरीच्या दिवशी मुंजाबा पहाटेची एसटी धरून आला. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, नवा लाल पटका. त्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. शेजारी पुण्याहून आलेले तज्ज्ञ, पलीकडं संस्थेचे एक विश्वस्त. आज अंबिकाच्या तोंडाला ओढणी नव्हती. ती मेषमित्राशेजारी उभी राहून चार कप्पे उघडून दाखवत होती. बाप तिच्याकडं टक लावून बघत होता, आणि तो कप्पे बघत नव्हता हे तिला कळत होतं.

"बाबा," तज्ज्ञांनी विचारलं, "ही वस्तू तुमच्या कामाची आहे का?"

"लई कामाची," मुंजाबा म्हणाला. "ह्या म्याडमचा हात लई बेस हाय."

"रोज वापराल?"

"रोज."

एवढ्यावर भागलं असतं. पोरगी पास झाली असती, पुण्याला गेली असती, आणि ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण विश्वस्तांच्या मनाला दादारावाचं स्वप्न फार लागलं होतं. ते उठले. ते म्हणाले, ही संस्था नुसत्या वस्तू घडवत नाही, माणसं उभी करते. त्यांनी दाराकडं हात केला. दारातून शिपायानं गळ्यात झेंडूचा हार घातलेलं जनावर ओढत आणलं. दादारावाची पाचवी मेंढी. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती शेळी होती.

कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन वर्षं निरीक्षण शिकलेले साठ विद्यार्थी, सात प्राध्यापक, पुण्याचे तज्ज्ञ. शेळीनं स्वतः ओरडून सांगितलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त दोन माणसांना ते कळलं, आणि त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. अंबिकाला हसू फुटायला आलं होतं. मुंजाबाच्या मिशीचं टोकही हललं. पण विश्वस्तांनी दोरी पुढं केली, फोटोवाला गुडघ्यावर बसला, आणि मुंजाबा उठून वाकला. दान घेणारा वाकतो तसा, दोन्ही हात पुढं करून. दुष्काळाच्या वर्षी दारात आलेलं धान्य ज्यानं "आमच्यापक्षी गरजवंताला द्या" म्हणून परत पाठवलं, तो माणूस तिच्यासाठी वाकला होता. तिचं हसू जागच्या जागी आटलं. तिला स्वतःची शरम वाटली.

"आबा, घेऊ नका," ती म्हणाली.

"हे माझे वडील आहेत," अंबिका म्हणाली. "यांच्याकडं चार मेंढ्या नाहीत. लई आहेत. आणि ती शेळी आहे."

मागून संस्कृतीचा बारीक आवाज आला, "मग डेअरी?"

त्यानंतर जे झालं त्याला कॉलेजात अजून चर्चासत्र म्हणतात. मंजुषा मॅडम म्हणाल्या, नियम मोडला, प्रकल्प रद्द. पुण्याचे तज्ज्ञ खुर्चीवरून उसळले. ते म्हणाले, छे, हे तर जगलेलं वास्तव आहे, सध्या जगात याच्याइतकं काही चालत नाही, या मुलीला पहिला नंबर द्या. मॅडम म्हणाल्या, मग सहानुभूतीचं काय? तज्ज्ञ म्हणाले, सहानुभूती जुनी झाली. फळ्यावर दोन वर्तुळं निघाली, ती एकमेकांत घुसवली गेली. पाऊण तास वाद चालला. शेळीनं मेषमित्राच्या तिसऱ्या कप्प्यातली सजावटीची पानं खाल्ली. एवढ्या वेळात मुंजाबाला कुणी बसा म्हटलं नाही, की त्याच्या मेंढरांविषयी एक शब्द विचारला नाही. शेवटी तडजोड निघाली. संस्कृती आणि शिवम पास, कारण त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. अंबिका नापास, कारण तिला माहीत होतं. प्रकल्प पुढच्या सत्रात पुन्हा करायचा. इंटर्नशिप अर्थातच गेली.

बापलेक फाटकाबाहेर आले तेव्हा दुपार कलली होती. बसस्थानकाकडं जाणारी रिक्षा मिळेना. मुंजाबा तिथं भडकला.

"काहून बोललीस? येडी हाय का तू? सा महिने गेले की मातीत! मी घेतलं आसतं ते शेरडू, रस्त्यात सोडून दिलं आसतं कुनाच्या दारात. माजं काय जात व्हतं?"

"मला नाय बघवलं, आबा."

"नाय बघवलं म्हन! त्या दिशी रानात बघवलं की."

त्यानं ते रागाच्या भरात म्हटलं, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्यानं पटका काढला, झटकला, परत बांधला. अंबिकाला माफी मागायची होती, पण बापाची माफी कशी मागतात ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली.

"चुकायचं काय त्यात." त्याचा आवाज खाली आला. "म्या तुला त्या दिशी चालीवरच वळखली. म्हनलं, पोरगी तोंड बांधून आली, म्हंजी काहीतरी कारन आसंल. न्हाई वळखायचं तर न्हाई."

रिक्षा आली. अंबिकानं हात केला. मुंजाबा चढला नाही.

"यायलाबी नको व्हतं मला आज," तो म्हणाला. "तुजी आय म्हन्ली, जाऊ नका, तिला आवडायचं न्हाई. पर तीन वर्सं झाली, अंबे. सुट्टीला आली की तू कॉलेजातलं समदं सांगती. काचंच्या भिती सांगती, मशिनी सांगती. येक डाव बी म्हन्ली न्हाईस, आबा, बगायला या. मग त्या पोराचा फोन आला, वापरकर्ता म्हनून या. म्हनलं, तसं तर तसं."

रिक्षावाल्यानं विचारलं, "चलना है क्या?" अंबिकानं मानेनं नाही सांगितलं आणि तो निघून गेला. ती ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "देवगावला शेवटची बस किती वाजता, आबा?"

"साडेसाला."

"मग वेळ आहे."

तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्याला घेऊन परत फाटकातून आत गेली. वॉचमननं अडवलं, पाहुणे कुणाचे म्हणून विचारलं. "माझे," ती म्हणाली. मग तिनं त्याला जिना दाखवला, वर्ग दाखवले, मातीकामाची चाकं दाखवली, आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगितलं की हे माझे वडील. साडेसहाची बस चुकली.